सॉफ्टवेअर टायमर म्हणजे एक वजाबाकी

प्रश्न थोडक्यात असा: एटमेगा ३२८पी ही मायक्रोकंट्रोलर चिप (एकाच चिपमधला छोटा कॉम्प्युटर) वापरून शेतातल्या मोटरीसाठी कंट्रोलर केलाय. लाइट आली की थोडं थांबून मोटर चालू करायची, ३० सेकंदांत पाइपात पाणी आलं नाही तर बंद करायची, २० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करायचा. शिवाय एक एलईडी अर्ध्या सेकंदाला लुकलुकत राहायला हवा. सगळीकडे डिले फंक्शन (प्रोग्रॅम ठरावीक वेळ जागच्या जागी थांबवणारं) वापरलंय. त्यामुळे ३० सेकंद थांबायची वेळ आली की एलईडीही गोठतो आणि बंदचं बटण दाबलं तरी मोटर चालूच राहते. कुणीतरी 'सॉफ्टवेअर टायमर वापर' म्हणून सांगितलंय. तो सी भाषेत लिहायचा कसा, आणि प्रत्येक कामाला वेगळा हार्डवेअर टायमर (चिपमधला ठोके मोजणारा भाग) लागतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. लागत नाही. तुमच्या चिपमध्ये हार्डवेअर टायमर आहेतच मुळी तीन, आणि त्यातला एक पुरतो. त्या एकावर तुम्ही दहा, वीस, पन्नास सॉफ्टवेअर टायमर चालवू शकता.

टायमरकडे वळण्याआधी एक सांगतो. बंदचं बटण फक्त मायक्रोकंट्रोलरच्या पिनला जोडलं असेल तर ते आधी काढा. ते कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये घ्या. प्रोग्रॅम अडकला, चिप जळली, काहीही झालं तरी बटण दाबलं की मोटर थांबलीच पाहिजे. प्रोग्रॅमला कळण्यासाठी त्याच बटणाचा दुसरा कॉन्टॅक्ट वापरा. सॉफ्टवेअर कितीही चांगलं लिहिलं तरी विहिरीवर ओल्या पायांनी उभ्या असलेल्या माणसाचा जीव त्याच्या भरवशावर ठेवायचा नाही.

आता टायमर. डिले म्हणजे दूध तापत ठेवून पातेल्यासमोर उभं राहणं. सॉफ्टवेअर टायमर म्हणजे ठेवताना घड्याळाकडे बघून '७ वाजून १० मिनिटं' एवढं लक्षात ठेवणं, आणि भाजी चिरता चिरता मधूनच मान वर करून 'किती वेळ झाला?' हे बघणं. यात घड्याळ एकच. लक्षात ठेवायच्या गोष्टी मात्र हव्या तितक्या. आणि 'किती वेळ झाला' हे काढायला करावी लागते ती वजाबाकी: आत्ताच्या वेळेतून सुरुवातीची वेळ वजा. सॉफ्टवेअर टायमर म्हणजे एवढंच. पुढे जे सगळं लिहितोय ते ही एक वजाबाकी कुठे कुठे चुकते याबद्दल आहे, कारण माझी ती जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकून झालेली आहे.

आधी घड्याळ. १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल (चिपला ठोके देणारा), प्रीस्केलर (ते ठोके भागून कमी करणारा) ६४, म्हणजे टायमरला सेकंदाला २,५०,००० ठोके मिळतात. एक मिलिसेकंद म्हणजे २५० ठोके. कंपेअर मोड (ठरलेला आकडा आला की पुन्हा शून्यापासून मोजणं) लावा आणि कंपेअर रजिस्टरमध्ये २४९ भरा. २५० नाही, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. दर मिलिसेकंदाला इंटरप्ट येईल, म्हणजे चिप हातातलं काम मध्येच सोडून एक ठरलेलं छोटं रूटीन चालवेल आणि परत येईल. त्या इंटरप्ट रूटीनमध्ये एकच ओळ हवी: ३२-बिटचा एक बिनचिन्हाचा (उणे आकडे नसलेला) काउंटर एकाने वाढवायचा. या काउंटरला मी 'टिक' म्हणतो. तिथे एलईडी बदलू नका, बटण वाचू नका, सिरीयलवर काही छापू तर अजिबात नका. अर्डुइनोच्या चौकटीत काम करत असाल तर हे घड्याळ तुम्हाला आयतंच मिळतं. फक्त तिथला ठोका १ नव्हे तर १.०२४ मिलिसेकंदांचा असतो. साठलेला फरक भरून काढायला तो काउंटर साधारण दर ४२ ठोक्यांनी एकाऐवजी दोनने उडी मारतो. म्हणून 'काउंटर बरोबर १०० झाला का' अशी तुलना तिथे कधीच करू नये, १०० वगळून तो थेट १०१ वर जाऊ शकतो.

डिप्लोमाला ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर शिकलेल्यांसाठी एक आडवळण घेतो. तिथे बोर्डावर बहुधा ११.०५९२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो, कारण त्यातून ९६०० बॉड (सिरीयल जोडणीचा वेग) बरोबर निघतो. बारा क्लॉकला एक मशीन सायकल, म्हणजे सेकंदाला ९,२१,६०० ठोके. एका मिलिसेकंदाला ९२१.६. हा .६ भरता येत नाही. ९२२ भरलात तर दिवसाकाठी साधारण साडेसदतीस सेकंदांचा फरक पडतो. त्यापेक्षा १० मिलिसेकंदांचा टिक घ्या: ९,२१६ ठोके, एकही दशांश नाही. ६५,५३६ मधून ते वजा केले की ५६,३२० उरतात, हेक्समध्ये डीसी००. कॉलेजच्या जर्नलमध्ये टीएच० ला (टायमरच्या वरच्या बाइटला) डीसी आणि टीएल० ला (खालच्या बाइटला) शून्य का भरतात, ते हे. क्रिस्टल निवडतानाच टिक ठरतो, हे मला नोकरी लागल्यावर दोन वर्षांनी कळलं.

काउंटर तयार झाला. आता तो वाचायचा, आणि पहिला खड्डा इथेच आहे. काउंटरला 'व्होलाटाईल' (दर वेळी मेमरीतूनच वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावायचं हे बहुतेकांना माहीत असतं. न लावल्यास ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपायलर तो एकदाच रजिस्टरमध्ये घेऊन ठेवतो आणि मेन लूपसाठी (प्रोग्रॅमच्या सतत फिरणाऱ्या मुख्य भागासाठी) वेळ थांबते. पण व्होलाटाईल लावून काम संपत नाही. तुमची चिप ८-बिटची आहे. ३२-बिटचा आकडा ती एका घासात वाचू शकत नाही, चार वेळा एकेक बाइट उचलते. समजा काउंटर २५५ वर आहे. म्हणजे खालचा बाइट २५५, वरचे तिन्ही शून्य. चिपने खालचा बाइट उचलला: २५५. नेमका त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि काउंटर २५६ झाला. आता खालचा बाइट शून्य आणि त्यावरचा १. परत आल्यावर चिप पुढचा बाइट उचलते: १. हातात आलं २५६ + २५५ = ५११. खरी वेळ २५५ किंवा २५६, आणि तुम्ही वाचली ५११. पाव सेकंद कुठून तरी उपटला. वरच्या बाइटांच्या सीमेवर असं झालं तर पाव सेकंद नाही, एका मिनिटाहून जास्त किंवा तासन्‌तास उपटतात.

हे दिवसातून एखाद्या वेळेला होतं, टेबलावर होत नाही, आणि झालं तरी 'रिले उगाच कट झाला, स्पाइक आला असेल' म्हणून सोडून दिलं जातं. मी स्वतः असल्या स्पाइकवर दोन महिने कपॅसिटर लावत बसलो होतो. उपाय साधा आहे: काउंटर वाचण्यासाठी एक फंक्शन लिहा. त्यात आधी स्टेटस रजिस्टर (इंटरप्ट चालू की बंद, हे त्यात असतं) जपून ठेवा, इंटरप्ट बंद करा, काउंटर एका स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या, स्टेटस रजिस्टर होतं तसं परत करा. 'इंटरप्ट चालू करा' असं मी म्हणत नाहीये. 'होते तसे' करा. नाहीतर हे फंक्शन एखाद्या इंटरप्टच्या आतून बोलावलं गेलं की ते तिथेच इंटरप्ट उघडून बसेल. बाकी सगळ्या प्रोग्रॅमने वेळ फक्त या फंक्शनकडून घ्यायची. ३२-बिटच्या कॉर्टेक्स-एम चिपवर हा त्रास नाही, तिथे आकडा एका सूचनेत वाचला जातो.

आता खुद्द टायमर. एका स्ट्रक्चरमध्ये तीन गोष्टी ठेवा: 'सुरुवात', 'मुदत' आणि 'चालू'. पहिल्या दोन ३२-बिट बिनचिन्हाच्या, तिसरी एका बाइटची. झाले नऊ बाइट. दहा टायमर घेतलेत तरी ९० बाइट, आणि तुमच्याकडे दोन हजार अठ्ठेचाळीस आहेत. फंक्शनं तीन. सुरू करणारं: सुरुवात = आत्ता, मुदत = दिलेली, चालू = १. थांबवणारं: चालू = ०. आणि विचारणारं, ज्यात सगळा जीव आहे:

चालू नसेल तर उत्तर 'नाही'.
(आत्ता − सुरुवात) हे मुदतीपेक्षा कमी असेल तर उत्तर 'नाही'.
नाहीतर चालू = ०, आणि उत्तर 'हो'.

मधल्या ओळीकडे नीट बघा. 'आत्ता ≥ सुरुवात + मुदत' असंही लिहिता आलं असतं, शाळेच्या बीजगणितात दोन्ही एकच. प्रोग्रॅममध्ये एकच नाहीत. ३२-बिटचा मिलिसेकंदांचा काउंटर ४२९,४९,६७,२९५ पर्यंत जातो आणि मग शून्यावर येतो. याला लागतात ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटं आणि ४७ सेकंद. विंडोज ९५ आणि ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की अडकायचं, ते याच आकड्यामुळे. हा जुन्या काळचा विनोद वाटत असेल तर २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोईंग ७८७ बद्दल काढलेला आदेश आठवा. सलग २४८ दिवस वीजपुरवठा चालू राहिला तर जनरेटर कंट्रोल युनिटमधला सॉफ्टवेअर काउंटर उलटतो आणि सगळे जनरेटर एकदम बंद पडू शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी वीज बंद करून चालू करा, असं त्यात म्हटलं होतं. ३१ बिटांत सेकंदाचे शंभरावे भाग मोजले तर किती दिवसांत आकडा भरतो, याचा हिशोब करून बघा.

माझी गोष्ट इतकी मोठी नाही. तुमच्यासारखाच कंट्रोलर मी काही वर्षांपूर्वी केला होता. मोटर बंद झाल्यावर २० मिनिटं विश्रांती, त्यासाठी 'पुन्हा चालू करायची वेळ' म्हणजे सुरुवात + मुदत काढून ठेवायची, आणि आत्ताची वेळ त्यापुढे गेली का ते बघायचं. शेतांवर दोन वर्षं चालला, एक तक्रार नाही. मग तोच बोर्ड एका सोसायटीच्या टाकीला बसवला. दीड-पावणेदोन महिन्यांनी पहाटे फोन: टाकी रिकामी, मोटर चालू होत नाही. वॉचमनने बोर्ड बंद करून चालू केला, मोटर लागली. मी जाऊन सगळं तपासलं, काही सापडलं नाही. पुढच्या दीड-पावणेदोन महिन्यांनी पुन्हा फोन.

झालं असं होतं. बोर्ड सकाळी दहाच्या सुमारास चालू केलेला. त्यात ४९ दिवस १७ तास मिळवले की पहाटे तीन वाजतात. रात्री दहाला टाकी भरून मोटर बंद झाली तेव्हा 'पुन्हा चालू करायची वेळ' निघाली चारशे सत्तावीस कोटींच्या पुढची. तीनला काउंटर शून्यावर आला. पाचला पाणी संपलं, तेव्हा आत्ताची वेळ होती जेमतेम सत्तर लाख. सत्तर लाख हे चारशे सत्तावीस कोटींच्या पुढे गेलेत का? नाही. मग मोटर चालू करायची नाही. आणि पुढचे ४९ दिवस नाहीच. शेतावर हे कधी का झालं नाही? कारण शेतावर रोज लाइट जायची आणि काउंटर रोज शून्यापासून सुरू व्हायचा. लोडशेडिंगने माझी चूक दोन वर्षं झाकून ठेवली होती.

वजाबाकीने हे का सुटतं ते ८-बिटच्या छोट्या आकड्यांवर बघू. सुरुवात २५०, मग काउंटर २५५ वरून शून्यावर आला, आत्ता ४ आहे. खरं तर १० ठोके झालेत. ४ − २५० = −२४६; बिनचिन्हाच्या ८ बिटांत त्यात २५६ मिळतात, आणि येतात १०. घड्याळात ११ वाजल्यापासून २ वाजेपर्यंत तीन तास, हे आपण रोज न अडखळता करतो, तसंच. उलटणं मध्ये कुठेही येऊ दे, फरक बरोबरच येतो. अट एकच, पूर्ण एक फेरी होण्याआधी विचारलं गेलं पाहिजे.

त्या अटीसाठीच 'चालू' हा बाइट आहे. तो नसेल आणि कुणी ५० दिवस विचारलंच नाही, तर वजाबाकीही फसते: पूर्ण फेरी होऊन फरक पुन्हा छोटा दिसतो आणि कधीच संपलेली विश्रांती परत सुरू झाल्यासारखी वाटते. म्हणून प्रत्येक टायमर मेन लूपमध्ये दर फेरीला विचारायचा, संपला की 'चालू' शून्य करायचा आणि संपल्याची नोंद वेगळी ठेवायची. गरज पडेल तेव्हा बघू असं करायचं नाही.

वजाबाकी योग्य लिहिली तरी ती कोणत्या प्रकारच्या आकड्यांत होते यावर सगळं अवलंबून असतं. हा भाग पुस्तकांत एका ओळीत उरकतात, मी जरा रेंगाळतो.

रॅम वाचवायला मी एका प्रोजेक्टमध्ये १६-बिटचे टायमर केले होते. एव्हीआरवर (तुमची चिप याच कुळातली) उत्तम चालले. मग तोच कोड एसटीएम३२ या ३२-बिटच्या चिपवर नेला. एलईडी लुकलुकायला लागला आणि बरोबर ६५ व्या सेकंदाला थांबला, कायमचा. कारण सी च्या नियमात आहे: 'इंट'पेक्षा (सी मधल्या नेहमीच्या पूर्णांकापेक्षा) लहान प्रकारांचं गणित करण्याआधी ते 'इंट'मध्ये बदलले जातात. एव्हीआरवर इंट १६-बिटचाच, त्यामुळे १६-बिटचे बिनचिन्हाचे आकडे तसेच राहिले आणि वजाबाकी बिनचिन्हाची झाली. ३२-बिटच्या चिपवर इंट ३२-बिटचा आणि चिन्हासहित. सुरुवात ६५,५०० आणि आत्ता ५ असताना उत्तर ४१ यायला हवं होतं, आलं −६५,४९५. ते ५०० पेक्षा कमीच. आणि काउंटर पुन्हा वर चढत ६५,५३५ ला गेला तरी फरक ३५ च्या वर जात नाही. म्हणजे हा टायमर जगाच्या अंतापर्यंत संपणार नाही. उपाय: वजाबाकीचं उत्तर तुलना करण्याआधी पुन्हा १६-बिट बिनचिन्हाच्या प्रकारात कास्ट करायचं. ८-बिटचे टायमर वापरलेत तर हेच एव्हीआरवरही होतं. तुम्ही सरळ ३२-बिट वापरा. पण दुसऱ्याचा कोड उचलाल तेव्हा हे तपासा.

त्याच कुळातली दुसरी चूक तुमच्या प्रोग्रॅममध्ये आत्ताच असण्याची शक्यता आहे. २० मिनिटांसाठी तुम्ही २० × ६० × १००० असं लिहिलं असेल. एव्हीआरवर हे तिन्ही आकडे १६-बिटचे इंट, म्हणून गुणाकारही १६ बिटांतच. बारा लाख त्यात मावत नाहीत. प्रत्यक्षात उरतात २०,३५२, म्हणजे वीस मिनिटांऐवजी वीस सेकंद! डावीकडचं व्हेरिएबल ३२-बिटचं असून उपयोग नाही, गुणाकार आधीच बिघडलेला असतो. शेवटच्या हजाराला 'यूएल' (हा आकडा ३२-बिट बिनचिन्हाचा धर) ही शेपटी लावून भागत नाही असं नाही, भागतं. पण मी पहिल्याच आकड्याला लावतो, म्हणजे मध्ये कुणी अजून एक ६० घुसवला तरी बिघडत नाही. कंपायलर याची वॉर्निंग देतो. वॉर्निंगकडे बघायची सवय नसेल तर आजपासून लावा.

आता तुमची मोटर. टायमर हातात आल्यावर बरेच जण डिलेच्या जागी 'टायमर संपेपर्यंत फिरत राहा' असा लूप घालतात. म्हणजे दूध सोडून घड्याळासमोर उभं राहिलात, एवढाच फरक. तसं नाही करायचं. मोटरच्या अवस्था ठरवा: 'लाइट नुकतीच आली', 'चालू केली, पाण्याची वाट बघतोय', 'पाणी येतंय', 'कोरडी म्हणून बंद'. एका व्हेरिएबलमध्ये सध्याची अवस्था. मेन लूप दर फेरीला स्विच-केसमधून फक्त त्या अवस्थेत शिरतो, एक-दोन प्रश्न विचारतो आणि लगेच बाहेर पडतो. 'पाण्याची वाट बघतोय' मध्ये प्रश्न दोनच. फ्लो स्विच (पाणी वाहू लागलं की लागणारा) लागला का? तर 'पाणी येतंय' मध्ये जा आणि टायमर थांबव. ३० सेकंदांचा टायमर संपला का? तर रिले सोड, २० मिनिटांचा सुरू कर, 'कोरडी' मध्ये जा. दोन्ही नसेल तर काहीच न करता बाहेर. यानंतर त्याच फेरीत एलईडीचं फंक्शन, मग बटणाचं. पूर्ण फेरी एक-दोन मिलिसेकंदांत आटपते आणि बटण कधीच वाट बघत नाही.

लाइट आल्यावरचं थांबणं प्रत्येक बोर्डावर वेगळं ठेवा, बोर्डावर एक डिप स्विच (छोट्या खटक्यांचा संच) देऊन. एकाच डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) पंधरा मोटरी बरोबर दहाव्या सेकंदाला उठल्या, प्रत्येकीने सुरू होताना सहा-सात पट करंट ओढला, की व्होल्टेज बसतं आणि तुमचे बोर्ड रीसेट होऊन पुन्हा दहा सेकंद मोजायला लागतात. हा खेळ मी पाहिलाय. गंमत वाटते, आपला बोर्ड त्यात नसेल तर.

एलईडीसारख्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या कामात टायमर संपल्यावर नवी सुरुवात कोणती धरायची, हे ठरवावं लागतं. सुरुवात = आत्ता असं केलंत तर मेन लूपला झालेला उशीर दर वेळी साठत जातो. दर सेकंदाला सरासरी दोन मिलिसेकंद उशीर म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. एलईडीला फरक पडत नाही, पण मोटर किती तास चालली हे मोजत असाल तर पडतो. तिथे सुरुवात = सुरुवात + मुदत करायचं. त्याचीही एक खोड आहे: लूप काही कारणाने पाच सेकंद अडकला तर सुटल्यावर अर्ध्या सेकंदाचं काम दहा वेळा धडाधड होतं. तास मोजताना ते हवंच असतं. रिले चालू-बंद करताना नको असतं. तेव्हा एका प्रोग्रॅममध्ये दोन्ही तऱ्हा ठेवायला हरकत नाही.

लहान मुदतींची एक गोष्ट. 'एक टिक थांब' म्हणजे शून्य ते एक मिलिसेकंद यांतलं काहीही, कारण तुम्ही ठोक्याच्या मध्येच कुठेतरी सुरू करता. सेन्सरला 'किमान १० मिलिसेकंद' द्यायचे असतील तर मुदत ११ लिहा.

काही जण टायमर उलटे करतात: इंटरप्ट रूटीनमध्येच सगळ्या टायमरांचे आकडे एकेकाने कमी करत न्यायचे, शून्य झाला की संपला. बऱ्याच जुन्या कोडमध्ये हे दिसतं आणि ते चालतंही. मला पटत नाही. टायमर वाढले की इंटरप्ट लांबतो, आणि मघाचा चार बाइटांचा गोंधळ आता प्रत्येक टायमरला लागू होतो, तेही वाचताना आणि लिहिताना दोन्हीकडे. टायमर संपल्यावर इंटरप्टमधूनच फंक्शन बोलावणं तर त्याहून वाईट. आज त्यात दोन ओळी असतात, सहा महिन्यांनी कुणीतरी त्यात एलसीडी लिहितो. एसटीएम३२ वर असल्या ठिकाणी हॅलचा (तिथल्या तयार लायब्ररीचा) डिले बोलावला, तर तो ज्या टिकची वाट बघतो त्या टिकचा इंटरप्टच आत येऊ शकत नाही आणि सगळं जागच्या जागी थांबतं. वॉचडॉगला (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरला) थोपटणंही टिकच्या इंटरप्टमध्ये ठेवू नका. मेन लूप मेला तरी टिक चालू राहतो, आणि वॉचडॉगला वाटतं घरात सगळं क्षेम आहे.

टायमर शेकड्यांनी झाले, की दर फेरीला प्रत्येकाला विचारणं महाग पडतं. मग ते संपण्याच्या क्रमाने यादीत लावतात आणि प्रत्येकात आधीच्यापासूनचा फरकच ठेवतात; दर ठोक्याला फक्त पहिल्याचा आकडा कमी करायचा. हजारोंच्या घरात गेलात तर घड्याळाच्या तबकडीसारखी चाकं करतात, ज्या खान्यात काटा येईल तेवढेच टायमर बघायचे. हा टायमर व्हील १९८७ मध्ये जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी मांडला. वर्गीस पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. लिनक्सच्या कर्नलमधले (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातले) टायमर याच कल्पनेवर उभे आहेत. तुमच्या चार टायमरांना यातलं काही लागत नाही.

फ्रीआरटीओएस ही मायक्रोकंट्रोलरची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना सॉफ्टवेअर टायमर तयार मिळतात. तिथे एवढं लक्षात ठेवा, की सगळ्या टायमरांची कॉलबॅक (टायमर संपल्यावर बोलावली जाणारी) फंक्शनं एकाच टास्कमध्ये एकामागोमाग चालतात. एकात डिले घातला की बाकी सगळे त्याच्या मागे रांगेत उभे. 'टायमर सुरू कर' हाही एक निरोप असतो, तो रांगेत टाकला जातो, आणि रांग भरलेली असेल तर जात नाही. त्या फंक्शनचं परत आलेलं उत्तर तपासणारे लोक मला फार भेटले नाहीत.

अचूकतेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल. २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भाग चुकणाऱ्या) क्रिस्टलवर दिवसाला पावणेदोन सेकंद इकडे-तिकडे. चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर (क्रिस्टलशिवाय ठोके देणाऱ्या भागावर) एक टक्का चूक धरली तरी दिवसाला चौदा मिनिटं, आणि एव्हीआरचा तो कारखान्यातून येतो तसा दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतो. कोरड्या मोटरीच्या ३० सेकंदांना ते चालून जाईल. पहाटे चारला मोटर लावायची असेल तर वेगळी आरटीसी (खरी वेळ सांभाळणारी) चिप लावा.

राहिली तपासणी. काउंटर उलटतो तेव्हा काय होतं हे बघायला कुणी ५० दिवस थांबत नाही. काउंटरची सुरुवातीची किंमत शून्याऐवजी ४२९,४९,०७,२९६ द्या. तो एका मिनिटात उलटेल. लिनक्सचं कर्नलही हेच करतं. तिथला टिकचा काउंटर मुद्दाम अशा आकड्यापासून सुरू होतो की बूट झाल्यावर पाच मिनिटांत ३२ बिट उलटावेत, म्हणजे कुणाच्या ड्रायव्हरमध्ये चूक असेल तर ती पन्नास दिवसांनी नाही, चहा संपायच्या आत दिसते. तुम्ही रिलेच्या जागी एक एलईडी लावा, फ्लो स्विचची वायर हातात धरा आणि चालू केल्यापासून ४५ व्या सेकंदाला 'पाण्याची वाट बघतोय' मध्ये शिरा, म्हणजे ३० सेकंदांची मुदत उलटण्याच्या दोन्ही बाजूंना पडेल. मग बोर्ड बंद करून पुन्हा चालू करा आणि या वेळी ५५ व्या सेकंदाला 'कोरडी' मध्ये शिरा. त्यासाठी २० मिनिटांची मुदत तात्पुरती २० सेकंद करा. दोन्ही वेळा एलईडी घड्याळाप्रमाणे वागला तर सुरुवातीची किंमत तशीच राहू द्या, शून्य करू नका. माझे बोर्ड गेली कित्येक वर्षं उलटायच्या एक मिनिट आधीपासूनच सुरू होतात.